उत्तरखंडाचा कस

कोणत्याही लोकप्रिय कृतीचा उत्तरखंड जन्मतःच ऋणको असतो. पूर्वखंडानें मिळविलेल्या कीर्तीवर त्याला गिऱ्हाईक मिळतें, पूर्वखंडांतील पात्रें त्याला आयतीं लाभतात, आणि प्रेक्षकाच्या मनांतील कुतूहल तर त्याच्या वाट्याला फुकटच येतें. हें ऋण फेडणारे उत्तरखंड थोडे आणि बुडविणारे फार. म्हणून अशा कृतीचें मोल ठरवितांना ती रंजक आहे कीं नाहीं एवढें विचारून भागत नाहीं. पूर्वखंडाचें देणें तिनें कोणत्या नाण्यांत चुकविलें, हें पाहावें लागतें. हा प्रश्न आज आम्ही ज्या कृतीला विचारणार आहों तिचें नांव या पानांवर पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या भुंवया वर चढतील. ती नाटक नव्हे, कादंबरी नव्हे, चित्रपटही नव्हे. ‘हाफ-लाइफ २’ नांवाचा तो एक व्हिडिओ गेम आहे. अमेरिकेंतील व्हॅल्व्ह कंपनीनें तो १६ नोव्हेंबर २००४ रोजीं प्रसिद्ध केला, आणि त्याला वीस वर्षें पूर्ण झालीं तेव्हां, २०२४ च्या नोव्हेंबरांत, थोडे दिवस तो सर्वांस विनामूल्य दिला. वीस वर्षें म्हणजे या धंद्यांत एक युगच होय. इतक्या काळानंतरही ज्याची चर्चा होते, त्याला पोरखेळ म्हणून उडवून लावणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

आमच्या विट्याला वस्तु पारखण्याची स्वतःची एक रीत आहे. या खानापूर तालुक्यांतील आणि शेजारच्या आटपाडी-तासगांवकडील पुष्कळ कुटुंबें गलाईच्या धंद्यानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांत पसरलीं आहेत. जुने दागिने, मोड, सोनाराच्या दुकानांतील केर आणि राख यांतून शुद्ध सोनें-चांदी काढून देणें हा गलाईवाल्याचा व्यवसाय. त्याच्या मुशीपुढें घडणावळीची प्रतिष्ठा नाहीं, कीं दागिना कोणाच्या गळ्यांत शोभला याचीही नाहीं. आंच दिल्यावर आणि तेजाबानें हीण काढल्यावर तराजूंत काय उरलें, एवढाच त्याचा प्रश्न. अशाच एका घरचा, परप्रांतांत वाढलेला, कॉलेजांत शिकणारा मुलगा एका दिवाळीच्या सुटींत विट्यास आला असतां त्यानें आपल्या लॅपटॉपवर हा खेळ आम्हांस आरंभापासून शेवटपर्यंत खेळून दाखविला. त्याचे नव्वदीच्या घरांतील आजोबा शेजारीं बसून पाहत होते. त्या चार संध्याकाळींच्या पाहण्यांतून हा निबंध निघाला आहे.

प्रथम या खेळांची जात सांगितली पाहिजे. यांत खेळणाऱ्याला पडद्यावर नायक दिसत नाहीं. नायकाच्या डोळ्यांना जें दिसेल तेंच त्याला दिसतें, आणि पडद्याच्या तळाशीं शस्त्र धरलेला नायकाचा हात तेवढा दिसतो. खेळणारा आणि नायक यांच्यामधलें अंतर अशा रीतीनें नाहींसें केलेलें असतें. या जातीला खरी लोकप्रियता मिळवून दिली ती इड सॉफ्टवेअर या मंडळीच्या ‘डूम’नें, १९९३ च्या डिसेंबरांत. पुढल्याच वर्षीं ‘डूम २’ निघाला. राक्षस बहुतेक तेच, बंदुका बहुतेक त्याच, एक दुनळी बंदूक नवी. लोकांनीं तो आनंदानें घेतला. यांत आम्हांस कांहीं गैर दिसत नाहीं. आमच्या विट्यांत दसऱ्याला पालख्यांची शर्यत दरवर्षीं होते, आणि दरवर्षीं लोक तितक्याच उत्साहानें लोटतात. आवडीची गोष्ट पुन्हां व्हावी ही इच्छा मनुष्याला स्वाभाविक आहे. दुसरा प्रकार ‘क्वेक २’ या १९९७ मधील खेळाचा. त्यानें १९९६ च्या ‘क्वेक’चें नांव घेतलें, पण कथा अगदींच निराळी सांगितली. पहिल्या प्रकारांत पुनरावृत्ति आहे, दुसऱ्यांत केवळ नाममुद्रा आहे. पूर्वखंडाला जाब विचारण्याचें धैर्य दोहोंतही नाहीं.

तें धैर्य ज्यांत आहे असा तिसरा प्रकार आपल्या वाङ्मयाला नवा नाहीं. आठव्या शतकांतील भवभूति हा मूळचा विदर्भांतील पद्मपुरचा. त्यानें ‘महावीरचरितां’त रामाचा राज्याभिषेकापर्यंतचा विजय दाखविला, आणि मग ‘उत्तररामचरित’ लिहिलें. या उत्तरखंडाच्या पहिल्याच अंकांत राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याचीं चित्रें पाहतात. तें चित्रदर्शन संपतें न संपतें तोंच लोकापवादाची वार्ता येते, आणि ज्या सीतेसाठीं लंका जिंकली तिचाच त्याग करण्याची पाळी विजयी रामावर येते. उत्तरखंडाचें खरें काम तें हेंच. विजय मिळाला, ठीक झालें; पण त्या विजयाची किंमत कोणी मोजली, हें त्यानें सांगावें. भवभूतीच्या शेजारीं एका अमेरिकन खेळास बसविणें हें कित्येकांस औद्धत्य वाटेल. परंतु सोन्याचा कस पाहावयाचा तर कसोटीचा दगड उत्तमच घेतला पाहिजे.

आतां पूर्वखंडाकडे वळूं. मायक्रोसॉफ्टमधील नोकरी सोडून गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन यांनीं १९९६ सालीं व्हॅल्व्ह ही कंपनी काढली. ‘क्वेक’ ज्यावर चाले तोच मूळ प्रोग्रॅम परवान्यानें घेऊन, त्यांत पुष्कळ फेरफार करून, त्यांनीं ‘हाफ-लाइफ’ हा आपला पहिला खेळ १९ नोव्हेंबर १९९८ रोजीं प्रसिद्ध केला. किरणोत्सर्गी पदार्थाचा अर्धा भाग क्षय पावण्यास जो काळ लागतो त्याला शास्त्रांत हें नांव आहे. खेळाचा नायक गॉर्डन फ्रीमन हा शिपाई नसून पदार्थविज्ञानाचा पंडित आहे. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांतील ‘ब्लॅक मेसा’ या गुप्त प्रयोगशाळेंत तो कामावर जातो, एका प्रयोगासाठीं नमुन्याचा गाडा यंत्राच्या किरणांत ढकलतो, आणि त्याबरोबर दुसऱ्या सृष्टीचें द्वार उघडून तेथील भयंकर प्राणी आपल्या सृष्टींत लोटतात. सरकार मदतीसाठीं सैन्य धाडतें तें अपघाताचे साक्षीदार नाहींसे करण्यासाठीं. फ्रीमन लोखंडी पहारीनें आणि सांपडेल त्या शस्त्रानें मार्ग काढीत शेवटीं त्या परक्या सृष्टींत जाऊन तिच्या अधिपतीस ठार करतो. या खेळाचा विशेष असा कीं, कथा सांगण्यासाठीं तो खेळणाऱ्याला नायकाच्या डोळ्यांतून कधींही बाहेर काढीत नाहीं. फ्रीमन स्वतः एक अक्षरही बोलत नाहीं. जें घडतें तें आपल्यासमोर, आपल्या चालत्या पायांबरोबर घडतें.

हा खेळ इतका गाजला कीं त्याचा उत्तरखंड निघणारच होता. तो निघावयास मात्र सहा वर्षें लागलीं. २००३ च्या मे महिन्यांत लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनांत तो लोकांस दाखविण्यांत आला आणि त्याच वर्षींच्या ३० सप्टेंबरचा वायदा करण्यांत आला. वायदा टळला, आणि ऑक्टोबरच्या आरंभीं कंपनीला कबूल करावें लागलें कीं, आपल्या संगणकांत कोणी शिरून खेळाची मूळ संहिताच चोरून नेली व जगभर पसरविली आहे. चोरी करणारा जर्मनींतील एक तरुण निघाला, आणि २००४ च्या मे महिन्यांत तेथील पोलिसांनीं त्यास पकडलें. चोरीनें उघडें पडलें तें असें कीं, जो खेळ जवळ जवळ तयार असल्याचें सांगितलें होतें तो पुष्कळच अपुरा होता. पुढें वर्षभर खपून कंपनीनें तो पुरा केला. ‘उत्तरखंडाला काल लागतो’ ही गोष्ट जाहिरातीच्या धांदलींत सर्वच विसरतात. येथें ती कंपनीला फार अवमान सोसून आठवावी लागली.

खेळाचा आरंभ आगगाडींत होतो. पूर्वखंडाचा आरंभही प्रयोगशाळेच्या गाडींतच झाला होता. पण तेथें नोकरीवर निघालेला एक विद्वान होता, आणि येथें एका जिंकलेल्या शहरांत आणून सोडलेला एक अनाम प्रवासी आहे. मध्यंतरीं अनेक वर्षें गेलीं आहेत. ब्लॅक मेसाच्या अपघातानें जें द्वार उघडलें त्याचा सुगावा लागून ‘कंबाइन’ नांवाच्या परकीय सत्तेनें पृथ्वीवर स्वारी केली, सात तासांत मानवजात हरली, आणि ज्यानें शरणागति लिहून दिली तो पूर्वीचा ब्लॅक मेसाचाच मुख्य डॉक्टर ब्रीन हा आतां पृथ्वीचा कारभारी होऊन बसला आहे. समुद्राचें पाणी ओसरलें आहे. मुलें जन्मास येत नाहींत, कारण ती प्रेरणाच यंत्रानें दाबून टाकली आहे. फ्रीमननें मिळविलेल्या विजयाचें फळ तें हें! ईलाय व्हॅन्स या वृद्ध शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत भिंतीवर त्या पराभवाच्या बातम्यांचीं कात्रणें लावलेलीं आहेत. खेळणारा त्यांच्यापुढें उभा राहून वाचूं लागतो, आणि आम्हांस नकळत तें चित्रदर्शन आठवलें. कोणी पात्र लांबलचक भाषण करून गतवृत्तांत सांगत नाहीं. पाहणाऱ्यानें पाहावें आणि आपल्या हातून काय झालें तें समजून घ्यावें.

स्थानकावरच एक लहानसा प्रसंग आहे. पोलिसाच्या वेषांतील एक शिपाई काठीनें एक रिकामा डबा खालीं पाडतो आणि तो उचलून कचऱ्याच्या पेटींत टाकण्याचा हुकूम करतो. हुकूम पाळला तर तो हंसतो व वाट देतो. डबा त्याच्याच अंगावर भिरकावला तर मार बसतो. वस्तु उचलावी कशी आणि फेंकावी कशी, हें खेळणाऱ्याला शिकविण्यासाठीं हा प्रसंग योजिला आहे. पण त्याच क्षणीं पारतंत्र्य म्हणजे काय हेंही तो शिकतो. हे शिपाई परक्या सृष्टींतले नाहींत. बऱ्या अन्नासाठीं आणि थोड्या अधिकारासाठीं शत्रूच्या चाकरींत शिरलेलीं तीं इथलींच माणसें आहेत. शहराची रचना व्हिक्टर अँटोनोव्ह या कलावंताची. त्याचा जन्म बल्गेरियाची राजधानी सोफिया येथला, आणि २०२५ सालीं तो वारला. पूर्व युरोपांतील जुनीं, झिजलेलीं, मनुष्याच्या मापाचीं घरें आणि त्यांच्या छातीवर रोवलेला पोलादी बुरूज, एवढ्या विरोधांतून त्यानें परसत्तेचें स्वरूप उभें केलें आहे.

या उत्तरखंडानें आणखी एक जुनें देणें फेडलें आहे, आणि तें आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. पूर्वखंडाचा नायक पदार्थविज्ञानाचा पंडित खरा, पण त्याच्या विद्येचा उपयोग तो एक गाडा ढकलण्यापलीकडे फारसा झाला नव्हता. बाकी सारा वेळ त्याच्या हातीं बंदूकच होती. उत्तरखंडांत पदार्थविज्ञान हेंच खेळाचें साधन झालें आहे. डब्लिनच्या हॅवॉक या कंपनीनें केलेल्या गणिताच्या आधारें येथें प्रत्येक वस्तूला वजन आहे, घर्षण आहे, तरंगण्याचा धर्म आहे. एके ठिकाणीं उंच कठड्यावर चढावयाचें असतें. जवळ एक फळी तराफ्यासारखी मध्यावर टेंकलेली आहे. तिच्या एका टोंकावर विटांचे ठोकळे रचले कीं दुसरें टोंक वर राहतें आणि वाट होते. दुसऱ्या ठिकाणीं पाण्याखालीं रिकामीं पिपें कोंडलीं म्हणजे बुडालेली उतरण वर येते. पुढें गुरुत्वाची एक बंदूक मिळते. ती गोळी झाडीत नाहीं. ती समोरची वस्तु ओढून घेते आणि वेगानें फेंकते. रेव्हनहोम नांवाच्या उजाड गांवांत करवतीचीं चक्रें आणि रंगाचे डबे हींच शस्त्रें होतात. बंदूक पंडिताच्या हातीं शोभत नव्हती. तरफ आणि उत्प्लावन हीं शोभतात. आमचा विद्यार्थिमित्र फळीवर ठोकळे रचीत असतां त्याचे आजोबा एकदम म्हणाले, “मोटंचंबी असंच असतंय, वजन कुटं पडतंय त्ये बघायचं.” वीस वर्षांपूर्वींच्या एका खेळानें विहिरीवरील मोट आठवावी, ही त्याच्या शास्त्रीय प्रामाणिकपणाची पावतीच होय.

पात्रांच्या मुखचर्येविषयींही असेंच म्हणतां येईल. चेहऱ्यावरील भावांचें वर्गीकरण करणारे मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या संशोधनाचा आधार घेऊन येथील चेहरे घडविले आहेत. ईलायची मुलगी ॲलिक्स बापाकडे पाहते तेव्हां तिच्या डोळ्यांत जें दिसतें तें शब्दांनीं सांगावें लागत नाहीं. पूर्वखंडांत ज्यांना मारीत आपण पुढें गेलों ते व्हॉर्टिगाँट नांवाचे परके जीव मुळांत गुलाम होते, आणि फ्रीमननें त्यांचा धनी मारल्यामुळें ते मुक्त झाले. उत्तरखंडांत ते माणसांचे सहकारी होऊन भेटतात. कालच्या शत्रूला असें नवें नातें देणें हेंही परिणामाचा विचार करणाऱ्या लेखकाचें लक्षण आहे. मार्क लेडलॉ हे दोन्ही खेळांच्या कथेचे लेखक मूळचे कादंबरीकार, ही गोष्ट येथें सहज ओळखूं येते.

येथवर सोनें झालें. आतां हीण.

तिसऱ्या संध्याकाळीं कथा बंडाच्या प्रकरणावर आली. फ्रीमन एका तुरुंगावर हल्ला करून परततो; यंत्राच्या दोषामुळें त्या परतीला एक आठवडा लागलेला असतो, आणि तेवढ्यांत त्याच्या पराक्रमाच्या वार्तेनें शहर पेटलेलें असतें. गल्लीगल्लींतून माणसें त्याच्याभोंवतीं जमतात, तो बोट दाखवील तिकडे धांवतात, जखमी झाला तर त्याला औषध देतात, आणि त्याच्यासाठीं पटापट मरतात. आम्हीं त्या मुलाला विचारलें, “अरे, हा येण्यापूर्वीं हे लोक काय करीत होते?” तो खेळतां खेळतांच म्हणाला, “काका, ते त्याचीच वाट पाहत होते.” आजोबा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “मग तवर त्यांची भांडणं कोण मिटवत हुतं रं?”

हा प्रश्न या मुलुखांतील माणूसच विचारूं जाणे. खानापूर तालुका आज सांगली जिल्ह्यांत आहे. १९४९ मध्यें दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा होईपर्यंत तो साताऱ्यांत होता, आणि त्या जुन्या सातारा जिल्ह्यांत १९४२ च्या चळवळीनंतर जें प्रतिसरकार उभें राहिलें त्याचें एक प्रमुख केंद्र कुंडल हें विट्यापासून दूर नाहीं. क्रांतिसिंह नाना पाटील सुमारें चार वर्षें भूमिगत राहिले, आणि इंग्रज सरकारला सांपडले नाहींत. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ रेल्वेची पगारगाडी लुटली गेली, १४ एप्रिल १९४४ रोजीं धुळें जिल्ह्यांत सरकारी खजिना लुटला गेला. जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांचीं नांवें या प्रसंगांशीं जोडलेलीं आहेत, आणि आजही सांगितले जातात ते बहुधा हेच प्रसंग. परंतु आजोबांसारख्या, त्या वेळीं लहान मूल असलेल्या माणसाच्या आठवणींत राहिली ती गाडी नव्हे. राहिला तो गांवांतला निवाडा. प्रतिसरकारनें गांवोगांव न्यायदान मंडळें नेमलीं. बांधाचे तंटे, कर्जाचे तंटे, नांदविण्याचे तंटे इंग्रजी कोर्टांत न जातां तेथें तुटूं लागले. थोड्या खर्चांत लग्नें लावण्याची प्रथा पाडली गेली, दारूला आणि दरोडेखोरांना आळा घातला गेला. त्याच्या शिक्षा कठोर असत, आणि सर्वच निवाडे निर्दोष होते असें म्हणणें इतिहासाला सोडून होईल. तरीही परसत्ता उलथावयाची तर तिच्या जागीं उद्यां काय बसवावयाचें याची तालीम आजच करावी लागते, हें त्या अशिक्षित म्हटल्या जाणाऱ्या खेड्यांनीं ओळखलें होतें.

‘हाफ-लाइफ २’ ला हें सुचलेलें नाहीं. अगदींच सुचलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. कारण फ्रीमन येण्यापूर्वींपासून पळून जाणाऱ्या नागरिकांना कालव्यांच्या वाटेनें शहराबाहेर पोंचविणारी एक गुप्त साखळी तेथें चालू आहे, आणि वाटेंतील एकेका ठाण्यावर कढई चढवून बसलेलीं दमलेलीं माणसें दिसतात. तीं ठाणीं पाहतांना आमची आशा वाढली होती. पण खेळ त्यांच्यापाशीं थांबत नाहीं; नायकाला नाव देऊन, दारूगोळा देऊन त्यांना मागें सोडतो. पुढें बंडाच्या वेळीं याच माणसांना नांवें नाहींत, मतें नाहींत, आपसांत मतभेद नाहींत. एकट्याच्या डोळ्यांतून पाहावयाच्या या खेळाच्या जातीचाच हा दोष आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. ज्या खेळानें एका रिकाम्या डब्यांतून पारतंत्र्य शिकविलें, त्याला एखाद्या क्षुल्लक तंट्याच्या निवाड्यांतून स्वातंत्र्यही शिकवितां आलें असतें. तेथें नायकाला शस्त्र खालीं ठेवून केवळ ऐकत उभें राहावें लागलें असतें एवढेंच. आणि न बोलणाऱ्या नायकाला ऐकण्याइतकें दुसरें काय शोभलें असतें? पूर्वखंडांतील विजयाची किंमत सामान्य माणसांनीं मोजली, हें या उत्तरखंडानें धीटपणें दाखविलें. पण त्या माणसांना पुन्हां उभें करण्याचें काम त्यानें त्याच विजयी वीराच्या हवालीं केलें. भवभूतीच्या नाटकांत अखेरीस निवाडा होतो तो जमलेल्या प्रजेसमक्ष होतो. येथें प्रजा आहे, पण ती निवाडा करीत नाहीं, जयघोष करते.

दुसरें हीण खेळांतील नव्हे, खेळ विकण्याच्या रीतींतील आहे. पण इतिहास लिहावयाचा तर तें वगळतां येत नाहीं. २००३ च्या सप्टेंबरांत व्हॅल्व्हनें ‘स्टीम’ नांवाची इंटरनेटवरील पेढी काढली होती. ‘हाफ-लाइफ २’ दुकानांतून खोक्यांत विकत घेतला तरी या पेढींत नोंद केल्यावांचून तो उघडत नसे. पहिल्या दिवशीं इतकी गर्दी उसळली कीं, पैसे मोजलेल्या कित्येक ग्राहकांस तिष्ठत बसावें लागलें. त्या काळीं आपल्या लहान गांवांतून टेलिफोनच्या तारेवरून येणारें इंटरनेट किती मंद आणि किती महाग होतें, तें आठवावें. तेथें असलें खोकें म्हणजे किल्ली परगांवीं असलेली पेटीच. ज्या सायबर कॅफेंतून असले खेळ जगभरच्या तरुणांच्या हातीं पडले, त्यांना परवाना देण्याचा हक्क कोणाचा, यावरूनही व्हॅल्व्ह आणि विवेंडी ही वितरण करणारी मंडळी यांच्यांत २००२ पासून अमेरिकेंतील न्यायालयांत वाद चालला होता, आणि २००५ च्या एप्रिलांत तो तडजोडीनें मिटला. त्या दिवसापासून आजपर्यंत ती पेढी वाढतच गेली, आणि संगणकावरील खेळ ‘विकत घेणें’ याचा अर्थ बहुधा ‘दुसऱ्याच्या वहींत आपलें नांव असणें’ एवढाच उरला. परसत्तेनें माणसांची नोंद कशी ठेवली हें दाखविणाऱ्या खेळानेंच ही रीत रूढ करावी, यांतील विरोध आमच्या विद्यार्थिमित्रालाही हंसवून गेला. मात्र त्यानें लगेच हेंही सांगितलें कीं, वडिलांच्या धंद्यामुळें शहरें बदलतांना त्याचीं पुस्तकें हरवलीं, खेळणीं हरवलीं. या वहींतले खेळ तेवढे प्रत्येक गांवीं त्याच्या मागोमाग आले. फिरत्या धंद्याच्या घरांतील मुलाचें हें म्हणणें आम्ही जमेच्या बाजूस लिहून ठेवतों.

उरला या उत्तरखंडाच्या उत्तरखंडाचा हिशेब. कथा बुरुजाच्या स्फोटाच्या क्षणींच गोठवून खेळ संपतो. पुढील कथा तीन लहान भागांत सांगण्याचें ठरलें. पहिला भाग १ जून २००६ रोजीं निघाला, दुसरा १० ऑक्टोबर २००७ रोजीं. दुसऱ्याच्या अखेरीस ईलाय व्हॅन्स मुलीच्या डोळ्यांदेखत मारला जातो. आणि तिसरा भाग निघालाच नाहीं. लेडलॉ यांनीं कंपनी सोडल्यावर २०१७ सालीं, नांवें बदलून, आपल्या मनांतील शेवटाचा सारांश प्रसिद्ध केला. २०२० च्या मार्च महिन्यांत निघालेला ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’ हा खेळ डोळ्यांवर यंत्र चढवून खेळावयाचा आहे, आणि त्याची कथा बहुतांशीं ‘हाफ-लाइफ २’ च्या आधीं घडते, शेवटीं मात्र तो त्या मृत्यूच्या प्रसंगाला स्पर्श करून नवें वळण देतो. वीस वर्षें पुरीं झाल्याच्या निमित्तानें केलेल्या माहितीपटांत न्यूएल यांनीं तिसरा भाग कां झाला नाहीं तें सांगितलें. त्याचा आशय असा कीं, केवळ कथा पुढें नेण्यासाठीं खेळ काढणें म्हणजे खेळणाऱ्यांविषयींचें आपलें कर्तव्य टाळणें होय, आणि नवें काय द्यावें तें त्या वेळीं आपणांस सुचलें नाहीं.

या उत्तराचा आम्हीं पुष्कळ विचार केला. तें प्रामाणिक आहे. ‘डूम २’ च्या मार्गानें जाऊन वर्षाला एक खेळ काढणें त्यांना सहज शक्य होतें, आणि तो मोह त्यांनीं टाळला. परंतु बापाच्या प्रेताजवळ रडणारी मुलगी ज्यानें प्रेक्षकाच्या मनांत उभी करून ठेवली, त्याचें कर्तव्य नव्या करामतीच्या अभावीं संपतें काय? ‘उत्तररामचरितां’त भवभूतीजवळ नवें अस्त्र नव्हतें, जुन्या दुःखाचा शेवट करण्याची जबाबदारी मात्र त्यानें मानली. विद्येचें देणें आणि कथेचें देणें हीं दोन वेगळीं देणीं आहेत. पहिलें या कंपनीनें चोख फेडलें, दुसरें अर्ध्यावर ठेवलें. त्या अर्थानें खेळाचें नांव खरें ठरलें.

सुटीच्या शेवटच्या दिवशीं विद्यार्थ्यानें आपल्या घरच्या भाषेंतच आम्हांस विचारलें, “काका, मग कस किती निघाला?” बावनकशी म्हणवत नाहीं, असें आम्हीं सांगितलें; पण आजवर या जातीचे जे उत्तरखंड आमच्या पाहण्यांत आले त्यांत इतकें कमी हीण दुसऱ्या कोणांत निघालें नाहीं. पूर्वखंडाच्या विजयाला त्यानें जाब विचारला, पंडित नायकाला त्याची विद्या परत दिली, आणि शत्रूला मनुष्यत्व दिलें. एवढें भरीव सोनें वीस वर्षांनींही तराजूंत उतरतें. आजोबांना आम्हीं त्यांचें मत विचारलें, तेव्हां त्यांनीं पुन्हां ती कालव्याकाठची कढई आणि तिच्याभोंवतीं बसलेलीं माणसें आठवली. पुढच्या खेळांत त्या माणसांकडे थोडा वेळ बसतां येईल काय, असें त्यांनीं नातवाला विचारलें. तो म्हणाला, “अजून तसा खेळ निघाला नाहीं, आजोबा.” म्हाताऱ्यानें मान हलविली आणि निघाला म्हणजे मला दाखव, म्हणून सांगितलें.